लॅपटॉपचा ट्रॅकपॅड संपावर गेलाय, काय करू?

तिरफळ | ८ जुलै, रात्री १०:४०

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाईची आहे.

लॅपटॉप साडेचार वर्षांचा, विंडोज ११. काल संध्याकाळपासून ट्रॅकपॅड पूर्ण मेलाय. एक बोट फिरवा, दोन फिरवा, टिचक्या मारा, बाण जागचा हलत नाही. एका पुस्तकाची १८० पानांची मुद्रितं (छपाईआधीची प्रुफं) तपासून सोमवारी द्यायची आहेत आणि मी ३७व्या पानावर आहे.

आधीची लक्षणं सांगते. महिनाभर क्लिक जड झालं होतं, अंगठ्याने चांगला जोर लावावा लागायचा. मग चार-पाच दिवस नेमकं उलटं, न दाबताच क्लिक व्हायला लागलं. बाण नुसता ओळीवरून नेला तरी अख्खी ओळ निळी व्हायची. एकदा तर एक परिच्छेद तसाच उचलला जाऊन भलत्याच पानावर पडला, शोधायला तास गेला. आणि काल सगळं शांत.

दोनदा बंद करून चालू केला. कापडाने पुसला. नवऱ्याने फुंकर मारून पाहिली. हे सगळं कीबोर्डवरून लिहितेय, 'प्रकाशित करा' या बटणापर्यंत पोचायला सतरा वेळा टॅब दाबावा लागतो.

रत्नागिरीत पाऊस असा लागलाय की लॅपटॉप घेऊन दुकानात जायची सोय नाही. घरच्या घरी काही करता येईल का?

शेवटचा बाक | रात्री १०:४८

मी पयला.
फुंकरीला अनुमोदन. आमच्याकडे रिमोटला थोबाडीत मारतात.

मिरची_भजी | रात्री १०:५५

एफएन की बघा आधी. वरच्या रांगेत एफ५ ते एफ१०च्या आसपास एखाद्या कीवर ट्रॅकपॅडचं चित्र असेल, बहुतेक त्यावर तिरकी काट मारलेली असते. ती आणि एफएन एकदम दाबा. आवाज कमी करायला जाता जाता बोट हिच्यावर पडतं आणि लोक दोन दिवस डोकं धरून बसतात. आमच्या ऑफिसात असल्या तक्रारीत बहुतेकदा हेच निघतं.

गावठी इंजिनिअर | रात्री ११:०३

दोन प्रश्न. झाकण मिटल्यावर चारी बाजूंनी सारखं बसतं का? आणि सपाट फरशीवर ठेवून कोपरा दाबला तर लॅपटॉप डुगडुगतो का?

शेवटचा बाक | रात्री ११:०५

गावठीशेठ, ट्रॅकपॅड बिघडलाय, टेबल नाही. हलके घ्या.

दुपारची झोप | रात्री ११:२०

माझा किस्सा. गेल्या वर्षी अस्साच ट्रॅकपॅड बंद. ड्रायव्हर (ट्रॅकपॅड चालवणारं सॉफ्टवेअर) काढला, घातला, विंडोज नव्याने टाकायच्या बेतात होतो. मग पोरगी म्हणाली, बाबा, हे काय चिकटलंय? यूएसबीच्या भोकात नखाएवढा काळा तुकडा. वायरलेस माऊसचा. तो माऊस दोन वर्षांपूर्वी पुणे-नाशिक एसटीत राहिला होता, तुकडा मात्र लॅपटॉपमध्येच. सेटिंगमध्ये एक पर्याय असतो, माऊस जोडलेला असताना टचपॅड (म्हणजे ट्रॅकपॅडच) चालू ठेवायचा की नाही, याचा. ती खूण माझ्या हातून कधीतरी निघाली असणार. लॅपटॉप बिचारा समजत होता की साहेबांचा माऊस आहे, आपण कशाला मध्ये पडा. तुकडा काढला, ट्रॅकपॅड जिवंत.

मिरची_भजी | रात्री ११:२४

खिक्क! एसटीतला माऊस अजून कुणाचा तरी लॅपटॉप शोधत असेल.

तिरफळ | रात्री ११:४१

धन्स सगळ्यांना.

मिरची_भजी, की सापडली, एफ६वर आहे. दाबली की पडद्यावर 'टचपॅड बंद', परत दाबली की 'टचपॅड चालू' असं येतं. म्हणजे त्याच्या मते तो चालू आहे. माझ्या मते नाही.

दुपारची झोप, माझ्याकडे माऊसच नाही, त्यामुळे तुकडाही नाही. उद्या शेजारच्या मुलाचा मागून आणते.

रानमोडी | ९ जुलै, सकाळी ७:१५

ताई, माऊस येईपर्यंत कीबोर्डवरून एवढं करा.

विंडोज की दाबा, टचपॅड टाइप करा, एंटर. सेटिंगचं पान उघडेल. टॅबने पहिल्या बटणावर या, ते चालू दिसतंय ना बघा. बंद असेल तर स्पेसबार.

मग विंडोज आणि एक्स एकत्र, सोडून एम. डिव्हाइस मॅनेजर उघडतो. बाणाच्या कीजनी खाली जा, 'ह्युमन इंटरफेस डिव्हायसेस' वर उजवा बाण दाबला की यादी सुटते. त्यात टचपॅडचं नाव आहे का, आणि त्यावर पिवळा त्रिकोण आहे का, हे सांगा. तिथे 'आय टू सी एचआयडी डिव्हाइस' अशीही एक ओळ असेल. हल्लीचे बरेचसे ट्रॅकपॅड त्या आय टू सी तारेवरून बोलतात, आणि त्रिकोण बऱ्याचदा टचपॅडवर नाही तर या ओळीवर असतो. लोक टचपॅडचा ड्रायव्हर बदलत बसतात, बिघाड असतो खालच्या मजल्यावर.

त्रिकोण असेल तर ती ओळ अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा, विंडोज स्वतःच परत बसवतं. त्याने नाही झालं तर ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवरूनच घ्या. 'तुमचे २३ ड्रायव्हर जुने झालेत' म्हणून ओरडणाऱ्या फुकट्या सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नका, ते घरात शिरलं की निघत नाही.

पाटावरवंटा | सकाळी ८:०२

विंडोज काढा, लिनक्स टाका.

शेवटचा बाक | सकाळी ८:०४

आले. वेळेवर आले. चहा ठेवा यांच्यासाठी.

पाटावरवंटा | सकाळी ८:३०

चेष्टा करा, पण ऐका. इन्स्टॉल करू नका, नुसता पेन ड्राइव्हवर उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) घेऊन त्यावरून सुरू करा, 'ट्राय' म्हणा. हार्ड डिस्कला हात लागत नाही. तिथे ट्रॅकपॅड चालला तर दोष विंडोजमध्ये, तिथेही मेला असेल तर दोष यंत्रात. अर्ध्या तासात निकाल.

रानमोडी | सकाळी ८:३६

पाटावरवंटा यांच्याशी चक्क सहमत. तारीख लिहून ठेवतो.

कातळशिल्प | सकाळी ९:१०

पावसाळा आहे हेही विसरू नका. ट्रॅकपॅडला दाब कळत नाही, बोटातून वाहून जाणारा विजेचा अंश कळतो. वरच्या काचेखाली बारीक तारांची जाळी असते, बोट आलं की तिथला भार बदलतो. म्हणूनच पेन्सिलीने चालत नाही, केळ्याने चालतो (करून पाहिलंय, कारण विचारू नका). पाण्याचा थेंब किंवा ओला हात असला की जाळीला दहा बोटं असल्याचा भास होतो आणि बाण नाचायला लागतो. कोकणात जुलैत कपडे वाळत नाहीत, हा कसा वाळेल?

अनु_डब्लिन | सकाळी ९:४५

अवांतर: आमच्या मॅकबुकच्या ट्रॅकपॅडला मुळात क्लिकच नाही. २०१५पासून ॲपलने खालची कळ काढून टाकली, आत एक छोटं चुंबकी यंत्र बोटाला धक्का देतं आणि आपल्याला वाटतं दाबलं गेलं. विश्वास नसेल तर लॅपटॉप पूर्ण बंद करून दाबून पाहा, दगडासारखा लागतो. मी पहिल्यांदा बंद असताना दाबला आणि मोडला म्हणून रडले होते.

दुपारची झोप | सकाळी ९:५८

म्हणजे एवढे पैसे मोजून क्लिक झाल्याचा भास घ्यायचा?

बाबूराव_नागपूर | सकाळी १०:२०

काय बे, माऊस घ्या ना दोनशे-तीनशेचा, विषय संपला. एवढी पीएचडी कायले?

जुनाट | सकाळी १०:४४

बाबूरावांशी सहमत नाही. मांडीवर लॅपटॉप घेऊन बसणाऱ्याने माऊस कुठे फिरवायचा? उशीवर?

मी या सगळ्या पिढ्या वापरल्या आहेत. ॲपलच्या १९९१च्या पॉवरबुकला हाताच्या तळव्यापाशी एक गोळा होता, तो फिरवायचा. त्यात इतका मळ साठायचा की दर पंधरा दिवसांनी काढून पुसावा लागे. १९९४ला पॉवरबुक ५००मध्ये ट्रॅकपॅड आला तेव्हा गुळगुळीत पाटीवर बोट फिरवायला लाज वाटायची. दरम्यान १९९२ला आयबीएमच्या थिंकपॅडला जी, एच आणि बी या कीजच्या बेचक्यात बोटाने रेटून बाण हलवायची लाल टिकली आली. तिची ज्याला सवय लागली तो जन्मभर तिचाच. माझ्या आताच्या लॅपटॉपचा ट्रॅकपॅड मी मुद्दाम बंद ठेवलाय. टायपिंग करताना तळहात घासतो आणि बाण पळून जातो, तो ताप नको.

मिरची_भजी | सकाळी १०:५०

टिकलीवाल्यांचा वेगळा पंथ आहे. त्यांच्या नादी लागू नका, दीक्षा देतात.

खडीसाखर | सकाळी ११:१५

माझा प्रश्न इथेच विचारते, वेगळा धागा नको. माझा ट्रॅकपॅड चार्जर लावला की वेडा होतो. बाण उड्या मारतो, आणि मनगट कडेच्या पत्र्याला टेकलं की मुंग्या आल्यासारखं वाटतं. चार्जर काढला की शहाण्यासारखा चालतो. भूत आहे का?

गावठी इंजिनिअर | सकाळी ११:३२

खडीसाखर, भूत नाही, अर्थिंग नाही. चार्जर दोन पिनांचा असेल, किंवा तीन पिनांचा असून दोन पिनांच्या कनेक्टरमध्ये खुपसला असेल. चार्जरच्या आत विजेतल्या नकोशा लहरी दाबायला एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून अगदी थोडी वीज पत्र्यावर येते. नीट चार्जरमध्ये ती जिवाला धोका नसलेली, पण ट्रॅकपॅड अशाच बारीक फरकांवर बोट ओळखतो, त्याचा गोंधळ होतो. तीन पिनांची वायर आणि खरोखर अर्थिंग असलेला सॉकेट घ्या. सॉकेटला तिसरं भोक असणं आणि त्यामागे अर्थिंग असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वायरमनकडून तपासून घ्या. मुंग्यांऐवजी झटका बसत असेल तर मात्र तो चार्जर वापरणं आजच थांबवा.

आणि तिरफळताई, माझे कालचे दोन प्रश्न तसेच राहिलेत.

तिरफळ | दुपारी १:१०

सॉरी सॉरी, सकाळपासून लाइट नव्हती.

अहवाल असा. रानमोडी, यादीत टचपॅड आहे, आय टू सीची ओळही आहे, कुठेच त्रिकोण नाही. काढून रीस्टार्ट केलं, दोन्ही परत आले, ट्रॅकपॅड मेलेलाच. बायॉसमध्येही (विंडोज सुरू होण्याआधीचं सेटिंग) गेले, तिथे 'इंटर्नल पॉइंटिंग डिव्हाइस' एनेबल्ड आहे. शेजारच्या मुलाचा माऊस आणलाय, तो मस्त चालतो. त्याच मुलाने पेन ड्राइव्हवर उबुंटू करून दिलं. तिथेही शून्य. कातळशिल्प, हेअर ड्रायर लावू का?

शेवटचा बाक | दुपारी १:१३

आणि वर हळद-चंदनाचा लेप.

कातळशिल्प | दुपारी १:२०

नाही नाही, ड्रायर नको! गरम वाऱ्याने गोंद सुटतो. मी फक्त पावसावर लिहिलं होतं. आणि ओलाव्याने क्लिक जड होत नाही, तेव्हा तुमच्या बाबतीत माझं म्हणणं मागे घेतो.

गावठी इंजिनिअर | दुपारी १:४५

आता थोडं लांबण लावतो.

ट्रॅकपॅडमध्ये दोन वेगळी खाती आहेत. बोट ओळखणं हे वरच्या जाळीचं काम, ते कातळशिल्पांनी सांगितलं. क्लिक हे खालच्या एका साध्या कळीचं काम, दाबली की टक. अनुताईंच्या मॅकसारखी मॉडेल सोडा, आपल्यासारख्यांच्या लॅपटॉपला पाटी वरच्या कडेला बिजागरीसारखी अडकवलेली असते आणि खालची कड दाबली जाते.

ताईंच्या गोष्टीत पहिल्यांदा काय बिघडलं? जाळी नाही, कळ. महिनाभर जड. म्हणजे पाटीला खाली जायला जागा कमी पडत होती. मग न दाबता क्लिक. म्हणजे कळ सतत दाबलेलीच राहत होती, म्हणून बाण नेला की ओळ निळी. सॉफ्टवेअरला असा क्रम सहसा सुचत नाही. खालून काहीतरी पाटीला वर रेटतंय. आणि बहुतेक लॅपटॉपमध्ये पाटीच्या खाली किंवा अगदी लगत एकच गोष्ट असते जी वाढू शकते.

म्हणून झाकणाचं विचारलं.

रानमोडी | दुपारी १:५२

अरे देवा. बॅटरी.
पहिल्या पोस्टमध्ये सगळं लिहिलेलं होतं आणि मी डिव्हाइस मॅनेजरात फिरत होतो.

तिरफळ | दुपारी २:२०

फरशीवर ठेवला. डुगडुगतो. झाकण मिटल्यावर पुढच्या बाजूला मधोमध फट आहे, एक रुपयाचं नाणं आरामात जातं. आणि आता तिरपं बघितलं तर ट्रॅकपॅडची पाटी एका बाजूने वर आलेली दिसतेय, नख अडकतं. रोज हात ठेवत होते यावर! मला वाटलं होतं झाकणाची बिजागरी ढिली झाली.

आता घाबरले आहे. काय करू?

गावठी इंजिनिअर | दुपारी २:२६

घाबरू नका, पण काम थांबवा. आत्ता.

चार्जर काढा. फाइल मेलवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्या, शट डाउन करा, परत चार्ज करू नका. झाकण जोर लावून मिटू नका, वर काही ठेवू नका. पाटी दाबून खाली बसवायचा प्रयत्न अजिबात नको. गादी, पडदा, कागदाचे गठ्ठे यांच्यापासून दूर फरशीवर ठेवा. पाऊस उघडला की दुकानात न्या आणि दारातच 'बॅटरी फुगली आहे' असं सांगा, म्हणजे तो उलथनं घालून उचकटणार नाही.

बाबूराव_नागपूर | दुपारी २:४०

आमच्या इथं एकानं मोबाइलची फुगलेली बॅटरी सुईनं टोचून हवा काढली होती. चालली नंतर.

रानमोडी | दुपारी २:४३

बाबूराव, हात जोडतो, असलं लिहू नका, कोणीतरी करेल. ती हवा नाही. आतलं द्रावण विघटित होऊन झालेला वायू आहे आणि ते द्रावण पेट घेणारं असतं. सुई आत गेली की दोन थर एकमेकांना चिकटून शॉर्ट होतात. तुमचा माणूस नशिबाचा धनी.

बाबूराव_नागपूर | दुपारी २:५१

बरं बरं, नाही टोचत. त्याच्या भुवया तशाही नाहीत आता.

खडीसाखर | दुपारी ३:०५

पण फुगतेच का? मी तर लॅपटॉप कायम चार्जरला लावून ठेवते. १०० टक्के झाला की आपोआप थांबतो ना?

गावठी इंजिनिअर | दुपारी ३:२२

थांबतो, बरोबर. पण मग बॅटरी सतत भरलेल्या अवस्थेत बसून राहते, एकेका सेलला साधारण ४.२ व्होल्ट, आणि लॅपटॉपची ऊब वर. लिथियम-आयनला भरलेलं पोट आणि उष्णता हे दोन्ही एकत्र सोसत नाही, द्रावण हळूहळू सडतं आणि वायू होतो. कायम लावूनच वापरणार असाल तर बऱ्याच कंपन्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती चालू करा.

पाटावरवंटा | दुपारी ३:३०

लिनक्समध्येही करता येतं.

शेवटचा बाक | दुपारी ३:३१

चहा घ्या.
रच्याकने (बाय द वे), गावठीशेठ, टेबलाचा विनोद मागे घेतो. कान पकडले.

तिरफळ | १६ जुलै, रात्री ९:१५

अपडेट द्यायचं राहिलंच होतं.

शुक्रवारी पाऊस जरा ओसरला तेव्हा लॅपटॉप पिशवीत उभा धरून रिक्षाने नेला. दुकानदार वयस्कर, शांत. खालचे दहा स्क्रू काढले, मागचं झाकण स्वतःच उचललं गेलं, वाटच बघत असल्यासारखं. आतल्या तीन चंदेरी पाकिटांपैकी मधलं टम्म, तव्यावरच्या फुलक्यासारखं. त्याने स्टीलचं काही न वापरता, प्लॅस्टिकच्या पट्टीने पाच-पाच मिनिटं थांबत ती सोडवली. मी दारापाशी उभी होते, तो म्हणाला, 'बसा हो वहिनी, धूर दिसला तर मीच आधी पळेन.'

बॅटरी नव्हती तरी चार्जरवर लॅपटॉप सुरू केला आणि बाण हलला! ट्रॅकपॅडची चपटी पट्टीसारखी वायर दाबाने सॉकेटमधून अर्धी निसटली होती, ती त्याने नीट बसवून बारीक कुलूप लावलं. नवीन बॅटरी दोन दिवसांनी आली. आता सगळं ठीक, फक्त पाटीचा उजवा कोपरा दाबला की टक होत नाही. दुकानदार म्हणाला पाटी किंचित वाकली आहे, बदलायची तर बदलू. मी नको म्हटलं. दोन बोटांनी टिचकी मारली की उजवं क्लिक होतं, तेवढं पुरे.

मुद्रितं भाच्याच्या लॅपटॉपवर केली, बुधवारी दिली. रागावले नाहीत. बिनमाऊसच्या दोन दिवसांत पाठ झालेल्या कीबोर्डच्या युक्त्या अजून सुटलेल्या नाहीत.

मिरची_भजी | रात्री ९:२२

वाचनखूण साठवली. आणि जुनी बॅटरी? कचऱ्यात नाही ना टाकली?

तिरफळ | रात्री ९:४०

नाही गं. दुकानदार म्हणाला त्याच्याकडे ई-कचरावाला महिनाअखेरीस येतो, तोवर त्याच्या लाकडी फळ्यांच्या दुकानात ठेवायला तो तयार नाही. कुरियरवालेही घेत नाहीत. म्हणून गच्चीवर पत्र्याखाली, मातीच्या रिकाम्या कुंडीत कोरडी वाळू भरून त्यात ठेवली आहे. सासूबाई रोज वर जाऊन बघतात आणि विचारतात, यात काय लावलंयस, काही उगवत कसं नाही.

शेवटचा बाक | रात्री ९:४३

पाणी घालू नका म्हणावं.

तिरफळ | रात्री ९:४५

तेच सांगायला चाललेय वर.